मदत हवी आहे: बारबेल रो करताना पाठीऐवजी कंबरच भरून येते

पिंपळपान: पाठ बळकट व्हावी म्हणून मी बारबेल रो, म्हणजे पुढे वाकून बार अंगाकडे ओढण्याचा व्यायाम, करतो, परंतु दुसऱ्या सेटपर्यंत कंबर भरून येते आणि लॅट्सना (पाठीच्या रुंद स्नायूंना) काही काम झाल्यासारखे वाटतच नाही. गुडघे किंचित वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी, हे मला ठाऊक आहे. कृपया तेच पुन्हा सांगू नये.

लोहचुंबक: वजन किती, बार कुठून उचलता, धड कितपत वाकलेले असते, यांपैकी काहीच आपण सांगितलेले नाही.

पिंपळपान: एकूण ३० किलो. फार नाही.

जुना_गडी: तळवे समोर येतील अशा उलट्या पकडीने बार धरा. १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया ही शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकलेले डोरियन येट्स असाच रो करत.

सावकाश: त्याच येट्स यांच्या डाव्या दंडाचा स्नायू १९९४ मध्ये याच पकडीने रो करताना फाटला होता, हे सांगायचे राहिले. शिवाय प्रश्न कमरेचा आहे.

जुना_गडी: त्यांचे वजन कुठे आणि हे ३० किलो कुठे!

आजोळ: रोज सकाळी भुजंगासन करावे, मला पुष्कळ फरक पडला.

लोहचुंबक: भुजंगासन जरूर करावे, पण त्याने रो सुधारणार नाही. पिंपळपान, आपण प्रत्येक रेपला (आवर्तनाला) बार जमिनीवर टेकवता का?

पिंपळपान: होय. २० किलोचा बार आणि दोन्हीकडे पाच किलोची एकेक लहान प्लेट.

लोहचुंबक: मग कारण हेच असावे. मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असल्याने बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो; लहान प्लेट लावल्या की तो बराच खाली जातो आणि तिथवर हात पोहोचवण्यासाठी कमरेला बाक द्यावाच लागतो. बार रॅकच्या (बार ठेवण्याच्या उभ्या चौकटीच्या) पिनांवर ठेवा, नितंब मागे ढकलत वाका आणि कोपरे मागे नेत बार छातीकडे नव्हे, तर बेंबीकडे ओढा. धड झटक्याने वर येऊ लागले, तर सेट तिथेच संपवा.

सावकाश: तरीही कंबर भरली, तर तिरक्या बाकावर छाती टेकवून डंबेल रो करावा. कळ पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

पिंपळपान: तशी कळ नाही. आमच्याकडे पिनांचा रॅक नाही. मोठ्या प्लेट आडव्या रचून त्यांवर बार ठेवला तर चालेल का?

लोहचुंबक: चालेल, फक्त दोन्ही थप्प्यांची उंची सारखी असू द्या.