डूम इटर्नल : पुढच्या भागाने खेळाडूचा मोकळेपणा काढून घेतला का?

रानभूल (धागाकर्ता)

२०१६चा 'डूम', राक्षसांशी लढायचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम, मला मनापासून आवडला होता. त्याचा पुढचा भाग, 'डूम इटर्नल', मार्च २०२०मध्ये आला आणि बहुतेकांनी डोक्यावर घेतला. मी तो आता पीसीवर पूर्ण केला. माझं मत स्पष्ट आहे : हे गेम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने स्वतःच्याच गेममधला मोकळेपणा काढून घेतला.

आधीच्या भागात सुपर शॉटगन हाती लागली की पुढचा बराचसा गेम तिच्या जोरावर काढता यायचा. कुणाला रॉकेट लाँचर आवडे, कुणाला गाउस कॅनन. ज्याची त्याची मर्जी. इथे शॉटगनच्या गोळ्या बघता बघता संपतात. मग एखादा झाँबी शोधा, त्याला चेनसॉने (यांत्रिक करवतीने) कापा, तेव्हा गोळ्या मिळणार. चिलखत हवं तर शत्रूला आधी फ्लेम बेल्चने, म्हणजे आग ओकणाऱ्या यंत्राने, पेटवा. हेल्थ हवी तर ग्लोरी किल, म्हणजे अर्धमेल्या शत्रूला जवळ जाऊन संपवणं. कॅकोडेमन या उडत्या राक्षसाच्या तोंडात ग्रेनेड टाकायचा, अराक्नोट्रॉन या कोळ्यासारख्या राक्षसाच्या पाठीवरची तोफ आधी उडवायची. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, आणि तेही गेम मध्येच थांबवून पाटीवर दाखवतात. मग मी ठरवायचं काय?

मरॉडर या ढालवाल्या शत्रूबद्दल तर बोलायलाच नको. जवळ गेलं की शॉटगन झाडतो, लांब राहिलं की कुऱ्हाडीचे वार फेकतो, ढालीवर गोळी मारली की कुत्रा अंगावर सोडतो. मधल्या अंतरावर थांबून त्याचे डोळे हिरवे चमकायची वाट बघायची, तेव्हाच त्याला मारता येतं. एवढ्या वेगवान गेममध्ये वाट बघायची!

तिसरी_गोळी

पूर्ण असहमत. तुम्ही ज्याला सक्ती म्हणताय, त्यातूनच हा गेम उभा राहिलाय.

२०१६च्या भागातला मोकळेपणा कागदावर होता. प्रत्यक्षात बहुतेक जण एकच बंदूक धरून बसायचे, आणि शेवटच्या तासांत सगळ्या लढाया एकसारख्या वाटायच्या. मला तो भागही प्रिय आहे, पण हे खरं आहे.

इटर्नलमधली एक चकमक आठवून बघा. सुपर गोर नेस्ट या टप्प्यात समोर हाताला तोफा असलेला धिप्पाड मॅनक्युबस, वर कॅकोडेमन, पायाशी इम्प हे किरकोळ राक्षस. चिलखत शून्य. मी डॅश (झटक्यात सरकायची चाल) मारून इम्पांमध्ये शिरतो, फ्लेम बेल्च, त्यांच्यातच ग्रेनेड, चिलखताचे तुकडे उडतात. ते गोळा करता करता सुपर शॉटगनचा आकडा, मीट हूक, कॅकोडेमनला लावून हवेत जातो आणि वरूनच मॅनक्युबसच्या हातातली तोफ फोडतो. हे सगळं काही सेकंदांत. यातला क्रम मला कुणी सांगितला नव्हता. आधी कोण, नंतर कोण, चेनसॉचं इंधन आत्ता वापरू की राखून ठेवू, हे मीच ठरवत होतो. गोळ्या कमी नसत्या तर यातलं काहीच घडलं नसतं, मी कोपऱ्यात उभा राहून झाडत बसलो असतो.

आणि चेनसॉच्या इंधनाचा एक भाग आपोआप भरत राहतो. म्हणजे गेम तुम्हाला कधीच रिकाम्या हाताने सोडत नाही.

खिडकीपाशी

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. या वादात आपण काय हातात धरून खेळतोय याचा विचार होत नाही. वेपन व्हील (बंदूक निवडायचं चक्र) उघडलं की वेळ मंदावते आणि लय तुटते. कीबोर्डवर प्रत्येक बंदुकीला स्वतःचं बटण लावा, फ्लेम बेल्च आणि ग्रेनेड माऊसच्या बाजूच्या बटणांवर घ्या. बॅलिस्टा या जड बंदुकीची गोळी सुटली की ती पुन्हा तयार व्हायची वाट न बघता लगेच सुपर शॉटगनवर जाता येतं. मरॉडरचे डोळे चमकले की शॉटगन, बॅलिस्टा, पुन्हा शॉटगन. तो फार वेळ टिकत नाही.

उड्या मारायच्या जागांबाबत मात्र मी रानभूल यांच्या बाजूने आहे. भिंतीला लटका, दांड्यावरून झोका घ्या, जांभळ्या चिखलातून रखडत चाला. हे कुणाला हवं होतं?

रानभूल

@तिसरी_गोळी, तुम्ही वर्णन केलेली चकमक सुरेख आहे, वाद नाही. पण ती तुम्हाला जमते, कारण सगळी बटणं तुमच्या बोटांत बसली आहेत. नोकरी सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याने आठवडाभराने गेम उघडला तर निम्मं विसरलेलं असतं. २०१६चा भाग अशा माणसालाही सामावून घ्यायचा.

आणि २०२५मध्ये आलेला डूमचा पुढचा गेम 'द डार्क एजेस' बघा. हाती ढाल दिली, चाल जड केली, गेमचा वेग नि पॅरीची (वार परतवायच्या वेळेची) मुभा सेटिंगमध्ये कमीजास्त करायची सोय दिली. इटर्नलचा रस्ता योग्य होता तर खुद्द स्टुडिओनेच तो का सोडला?

तिसरी_गोळी

कारण त्यांना तोच गेम पुन्हा करायचा नव्हता. इटर्नलमध्येही त्यांनी हेच केलं आणि म्हणूनच मला या लोकांबद्दल आदर आहे. यशस्वी गेमच्या पुढच्या भागात चार नवे नकाशे आणि दोन बंदुका टाकून पैसे घेता आले असते.

आठवडाभराने परतणाऱ्याची अडचण खरी आहे. त्याने 'हर्ट मी प्लेंटी' या काठिण्यपातळीवर खेळावं, सेटिंगमध्ये जाऊन त्या पाट्या बंद कराव्यात आणि आधी कल्टिस्ट बेस हा सुरुवातीचा टप्पा पुन्हा एकदा खेळावा. हात तिथेच बसतो. पण त्याच्यासाठी गोळ्या वाढवा असं म्हणाल तर मी शेवटपर्यंत विरोध करीन.