प्रतिसाद: सबवूफर अचानक बंद पडला

घोडबंदर रोडवर गाडीतला सबवूफर (खोल आवाजाचा स्पीकर) गप्प झाला आणि अ‍ॅम्प्लिफायरचा दिवाही लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग कृपया नवा सबवूफर घ्यायची घाई करू नका, दोष बहुधा वीजपुरवठ्यात आहे. आधी बॅटरीजवळचा फ्यूज बघा. तो ठीक असेल तर स्टिरिओ चालू ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडपासून (गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली वायर) बॅटरीकडून येणारी मुख्य वायर आणि रिमोट वायर (स्टिरिओकडून अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी बारीक वायर) मल्टीमीटरने मोजा. दोन्हीकडे साधारण १२ व्होल्ट हवेत. फक्त रिमोटवर नसतील तर स्टिरिओमागचा जोड तपासा. कुठेच नसतील तर मल्टीमीटरचं काळं टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला लावून पुन्हा मोजा. आता व्होल्ट दिसले, तर ग्राउंडच गेलाय. आपल्याकडच्या खड्ड्यांत ग्राउंडचा बोल्ट ढिला होतो, पावसाळ्यात गंजतोही. पत्र्यावरचा रंग घासून बोल्ट आवळा.