कोटेशन दिलं की पार्टी गप्प! पुढचा मेल काय लिहायचा?

शिरोलीचा_साचा:
मंडळी, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री (लोखंड ओतून पार्ट बनवायचा कारखाना) आहे, जोडीला मशीनिंग. पंप आणि ट्रॅक्टरचे पार्ट जास्त. शॉप वडील बघतात, बाहेरच्या पार्ट्या माझ्याकडं. चाकण, भोसरी, होसूरहून एन्क्वायरी येते, 'आजच्या आज कोटेशन द्या' म्हणतात. आपण रात्री बसून कास्टिंगचं (ओतलेल्या पार्टचं) वजन काढायचं, पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) आणि कोअरबॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बनवायची पेटी) यांचा खर्च धरायचा, पाठवायचं. त्यानंतर तिकडं सामसूम. मग मी दर आठवड्याला 'सर, आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत' असा मेल टाकतो. हूं नाही की चूं नाही. फोन लावला तर साहेब कायम मीटिंगमध्ये. असा मेल कसा लिहायचा, किती अंतरानं, आणि सोडून कधी द्यायचं? मेल उघडला का ते दाखवणारं सॉफ्टवेअर विकायला एकजण मागं लागलाय, ते घेऊ का?

गोकुळशिरगावकर:
मेल कसले करत बसतोयस भावा. पहाटे गाडी काढायची, चाकणच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. समोर माणूस दिसला की काम होतंय. आमच्या आधीच्यांनी सगळा धंदा असाच उभा केला, तवा कुठं होता मेल?

पर्चेसमधला:
गोकुळशिरगावकर, राग मानू नका, पण मी भोसरीत बरीच वर्षं पर्चेसला होतो. न सांगता आलेल्या माणसाला गेटवरूनच परत पाठवायचो. बसवून घ्यायला वेळच नसायचा.

साचा, आधी तिकडं काय चाललेलं असतं ते ऐक. तुझं कोटेशन तुलनेच्या तक्त्यात जातं. तक्त्यात तीन नावं लागतात म्हणून कधीकधी तुला नुसतं तिसरं नाव म्हणून विचारलेलं असतं. कडू आहे, पण आहे. कधी डिझाइननं ड्रॉइंगची नवी रिव्हिजन काढलेली असते. कधी क्वालिटीवाले ऑडिट झाल्याशिवाय नवी फाउंड्री घेऊ देत नाहीत. कधी वरच्या कंपनीनं प्रोजेक्टच पुढं ढकललेलं असतं. यातलं बरंचसं बाहेर सांगता येत नाही, आणि उरलेल्याचं उत्तर पर्चेसवाल्याकडंही नसतं. अशात 'वाट पाहत आहोत' वाचलं की तो म्हणतो, मी पण तेच करतोय.

म्हणून त्याला आतल्या आत पुढं सरकवता येईल असं काहीतरी मेलमध्ये दे. एका फाउंड्रीचा मेल मला अजून आठवतो: 'ब्रॅकेटच्या खालची खाच एका बाजूनं उघडी ठेवली तर कोअर लागणार नाही, पॅटर्नही स्वस्त पडेल. स्केच जोडलंय, डिझाइनला दाखवाल का?' तो मी लगेच पुढं पाठवला. कॉस्ट कमी झाली तर श्रेय मलाच मिळणार होतं ना! ऑर्डर नंतरची गोष्ट, पण त्या मेलला उत्तर गेलं. तसंच, पॅटर्नचा खर्च एकरकमी न घेता पहिल्या काही लॉटमध्ये वाटून घेता येईल, सँपल किती दिवसांत, स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे ते दाखवणारा) सोबत देऊ, असल्या गोष्टी. एका मेलात एकच. सगळं एकदम ओतलंस तर कुणी वाचत नाही.

उद्यमनगरची_लेक:
अंतराचं मी सांगते. पहिला मेल ३-४ दिवसांनी: ड्रॉइंगची रिव्हिजन तीच आहे ना, वार्षिक क्वांटिटी तीच धरायची ना, एवढंच. दुसरा आठवड्यानं, पर्चेसमधला म्हणतात तसा. तिसरा कोटेशनची व्हॅलिडिटी संपायच्या आधी. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे दर हलते असल्यामुळं आम्ही व्हॅलिडिटी ३० दिवसच ठेवतो, त्यामुळं तिसऱ्या मेलला खरं कारण मिळतं. पण खोटी घाई नको. 'सोमवारपासून दर वाढणार' म्हणायचं आणि महिन्यानं त्याच दरात द्यायचं, हे पार्टी विसरत नाही.

साहेबाच्या साहेबाला कॉपीत घालायचा मोह होतो. नका घालू. उत्तर येतं, पण पुढची एन्क्वायरी येत नाही.

आणि वार बघा. पुणे-पिंपरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशीचा मेल शुक्रवारच्या ढिगात जातो. महिनाअखेर आणि मार्च तर सोडूनच द्या.

गोकुळशिरगावकर:
ते गुरुवारचं खरं हाय. एकदा गेटवर गेलोतो, कुत्रंबी नव्हतं.

डोमेनवाला:
मेल तिथं पोचतोय का, हे आधी तपासा. कंपनीच्या नावाचं डोमेन असेल तर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग) लावलंय का ते होस्टिंगवाल्याला विचारा. जीमेलवर मेल पाठवणाऱ्या सगळ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून यातलं किमान एक तरी बंधनकारक आहे. नाहीतर मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो. तपासणं सोपं आहे: स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवा, संगणकावर उघडून तीन टिंबांत जाऊन मूळ मेल बघा, तिथं 'पास' दिसलं पाहिजे. मोठ्या ड्रॉइंग फाइल, झिप वगैरे जोडू नका. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि कंपन्यांचे सर्व्हर त्याहून कडक असू शकतात.

ते सॉफ्टवेअर घेऊ नका. ही सॉफ्टवेअरं मेलमध्ये एक न दिसणारं चित्र टाकतात, ते लोड झालं की 'उघडला' म्हणतात. अॅपलच्या मेल अॅपमध्ये २०२१ पासून अशी चित्रं माणसानं मेल न उघडताही आधीच लोड होऊ शकतात, आणि उलट चित्रं बंद ठेवणाऱ्यानं वाचला तरी कळत नाही. एक्सेलमध्ये पार्टी, कोटेशन तारीख, शेवटचा मेल, पुढची तारीख एवढे रकाने पुरेत.

शिरोलीचा_साचा:
लई उपकार. होसूरच्या एका पार्टीसाठी हे लिहिलंय (मेल इंग्रजीत जाईल, इथं मजकूर मराठीत देतो):

'आदरणीय सर, आपण कुशल असाल अशी आशा. आमची कंपनी ग्रे आणि एसजी आयर्न कास्टिंगमध्ये दर्जेदार सेवा देते. आमच्या कोटेशनवर अद्याप उत्तर मिळालेलं नाही. पंप हाउसिंगसाठी सँपल लवकर देऊ शकतो. कृपया लवकरात लवकर कळवावं.'

पर्चेसमधला:
पहिली दोन वाक्यं काढ. तुझी कंपनी काय करते ते माहीत असल्याशिवाय त्यानं ड्रॉइंग पाठवलं का? 'अद्याप उत्तर मिळालेलं नाही' पण काढ, ती तक्रार आहे. 'लवकर' म्हणजे किती दिवस ते लिही. आणि शेवटी असा प्रश्न ठेव की चालता चालता मोबाइलवरून उत्तर देता येईल.

शिरोलीचा_साचा:
मग असं?

'सर, पंप हाउसिंगच्या कोटेशनबाबत: पॅटर्न मंजूर झाल्यापासून २१ दिवसांत मशीन केलेली ५ सँपल, स्पेक्ट्रो आणि डायमेन्शन रिपोर्टसह देऊ. सध्या विषय कुठं आहे? १) तांत्रिक तपासणी बाकी, २) दर जास्त वाटतो, ३) प्रोजेक्ट पुढं गेलंय. नुसता आकडा कळवला तरी चालेल.'

उद्यमनगरची_लेक:
झकास. '३' आलं तर दुःख करू नका, कधी विचारू ते विचारा आणि ती तारीख एक्सेलमध्ये टाका. यालाही उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी शेवटचा: 'सध्या ही फाइल आमच्याकडून बंद ठेवतो, ड्रॉइंग जपून ठेवलंय, गरज पडली की ताज्या दरानं लगेच कोटेशन देऊ.' टोमणा नको त्यात. आमच्याकडं बरीच उत्तरं याच मेलला आलीत.

पर्चेसमधला:
बरोबर. फक्त २१ दिवस वडिलांना विचारूनच लिही. आणि नवा मेल करू नकोस, जुन्याच मेलला रिप्लाय कर, सब्जेक्टमध्ये पार्ट नंबर असू दे, कोटेशनची पीडीएफ परत जोड. त्याला शोधायला लावलंस की राहिलंच ते.