गिरिजनन, पर्वतनिर्मिती की उत्थान? आणि झीज की विदारण?

शब्द अडलाय म्हणून विचारतेय. शाळेतल्या मुलांसाठी लेख लिहायला घेतलाय, पृथ्वी अगदी तरुण असताना समुद्रातून जमीन वर कशी आली, डोंगर कसे झाले आणि त्या डोंगरांमुळे हवा-पाणी कसं बदललं असा विषय आहे. ऑरोजेनीला, म्हणजे डोंगर तयार होण्याच्या प्रक्रियेला, विश्वकोशात गिरिजनन सापडतं, शाळेच्या भूगोलात पर्वतनिर्माणकारी हालचाली असतं, मी साधं पर्वतनिर्मिती लिहिलं होतं. तर मैत्रीण म्हणाली निर्मिती म्हटलं की कुणीतरी बसून बनवल्यासारखं वाटतं. तसंच वेदरिंगला, म्हणजे खडक जागच्या जागी फुटण्या-कुजण्याला, मी सगळीकडे झीज लिहिलंय आणि पुस्तकात विदारण आहे. दोन्ही एकच का? जाणकारांनी सांगा प्लीज.

—

ताई, आधी व्युत्पत्ती सांगतो. ऑरोजेनी हा ग्रीक शब्दांवरून आला, ओरोस म्हणजे पर्वत आणि जेनेसिस म्हणजे जन्म, उत्पत्ती. त्यामुळे गिरिजनन हा त्याचा अगदी तंतोतंत प्रतिशब्द झाला. लिहिताना समासात रि ह्रस्वच हवा, गिरी एकटा लिहिला तर दीर्घ. विदारण वि + दॄ वरून, दॄ म्हणजे फाडणे. विदीर्ण, हृदयविदारक हे त्याच घरातले. म्हणजे खडकाला तडे जाणं, तो फुटणं हे त्या शब्दात छान बसतं. विरघळणं मात्र त्यात कुठे दिसत नाही, ते भूगर्भवाल्यांनी सांगावं.

—

मी जिऑलॉजी शिकलोय आणि या विषयावर जीव आहे म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे गिरिजनन हा शब्द वर आलेल्या प्रत्येक जमिनीला लावू नका. त्यात एक ठरावीक प्रक्रिया येते, भूपट्ट एकमेकांवर रेटले जातात, थरांना वळ्या पडतात, कवच दुमडून जाड होतं, खोलवरचे खडक दाबाने आणि उष्णतेने बदलतात. हिमालय तसा आहे, अरवली तशी होती आणि आता झिजून झिजून अवशिष्ट राहिलीय. आपला सह्याद्री मात्र गिरिजननाने झालेला नाही, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले त्या पठाराची ती तुटलेली, कोरलेली कड आहे. आपण त्याला पर्वत म्हणतो ते बरोबरच आहे पण त्याचा जन्म वेगळा. हा फरक इंग्रजीतसुद्धा जुना आहे, गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १८९० मध्ये ऑरोजेनीच्या जोडीला एपिरोजेनी असा वेगळा शब्द केला, मोठाच्या मोठा प्रदेश वळ्या न पडता नुसता वर उचलला जातो त्यासाठी. शाळेच्या पुस्तकातलं खंडनिर्माणकारी ते हेच.

आता तुमच्या लेखात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते कारण सगळ्यात जुन्या जमिनींपैकी एक आपल्याकडे आहे, झारखंड-ओडिशातला सिंगभूमचा भाग. तिथल्या ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांवरून आणि वाळूच्या दगडातल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांवरून २०२१ मध्ये एका अभ्यासगटाने मांडलं की ती जमीन ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या वर आली, आणि ती भूपट्टांच्या टकरीने नाही तर खालून मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, येत राहून कवच जाड होत गेलं त्यामुळे. हलक्या खडकाचं जाड कवच वर तरंगतं, पाण्यात पातळ फळीपेक्षा जाड ओंडका जास्त बाहेर डोकावतो तसं. याला गिरिजनन म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात टक्कर येते जी तिथे झालीच नव्हती असं या लोकांचं म्हणणं आहे. इथे उत्थान लिहा, किंवा भूउत्थान, किंवा सरळ जमीन वर आली लिहा, मला तर तेच सगळ्यात आवडतं.

दुसरा मुद्दा झीज आणि विदारण. भूगोलात विदारण, खनन (पाण्या-वाऱ्याने खरवडून काढणं), वहन, संचयन असा क्रम शिकवतात तो नीट आहे, तो मोडू नका. झीज म्हटलं की घासून कमी होणं, सहाणेवर चंदन झिजतं, चपलेची टाच झिजते. पण पर्वतांनी पृथ्वीची हवा बदलली ती मुख्यतः रासायनिक विदारणाने. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरतो, पाणी किंचित आम्ल होतं, ते सिलिकेट खडकाला लागलं की त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं, नदीवाटे समुद्रात जातं आणि तिथे चुनखडक होऊन बसतं. म्हणजे हवेतला कार्बन दगडात अडकला. पर्वत उंच असेल, उतार तीव्र असेल तर वरची कुजलेली पापडी सारखी वाहून जाते आणि खालचा ताजा खडक उघडा पडत राहतो, म्हणून हे काम जोरात चालतं. सहाणेचं उदाहरण इथे परत उपयोगी येतं, उगाळत राहिलात तर नवीन पृष्ठभाग मिळतो. खनन आणि विदारण असे एकमेकांना धरून चालतात पण दोन वेगळी कामं आहेत म्हणून दोन शब्द ठेवा. तरुण सूर्य आजच्यापेक्षा साधारण पंचवीस ते तीस टक्के मंद होता, तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडसारखे ऊब धरणारे वायू किती उरतात यावर पाणी गोठणार की वाहणार हे ठरत होतं, आणि जमीनच नसेल तर हा सगळा कारभार समुद्राच्या तळावरच्या खडकांवर सोडून द्यावा लागतो.

आणखी एक, फॉस्फरस. खडकातल्या अॅपेटाइट खनिजातून तो सुटतो आणि समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचं खत होतो. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा म्हणून जागा आहे, अरवलीच्या त्या अतिप्राचीन खडकांत सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून केलेले स्ट्रोमॅटोलाइट आहेत आणि त्यांच्यातच फॉस्फेट साचलंय, तेच आज खतासाठी खणतात. आणि अशा सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन नुसता तयार करून भागत नाही, मेलेल्या जिवांचा कार्बन गाळाखाली पुरला गेला तरच तो हवेत शिल्लक राहतो. तो गाळ पुरवतो कोण, तर डोंगर.

—

गाळावरून आठवलं. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनच्या डोंगरात मूडीज नावाचा खडकांचा गट आहे, वय साधारण ३२२ कोटी वर्षं, त्यात भरती-ओहोटीने पसरलेली वाळू आहे आणि पिंडाश्म आहेत म्हणजे गोटे घट्ट बसलेला दगड. तो भाग २०१८ पासून जागतिक वारसा आहे. मला सांगायचंय ते गोटा या शब्दाबद्दल. धोंडा कसाही असतो, गोटा मात्र पाण्याने गोल केलेला. म्हणजे खडकात गोटा दिसला की उंच जागा होती, उतार होता, वाहतं पाणी होतं हे सगळं त्या एका शब्दातच आलं. ताई, मुलांच्या लेखात पिंडाश्मच्या आधी गोट्यांचा दगड असं नक्की लिहा.

—

मी शास्त्रातला नाही, शेतीवाला आहे. विदारण विदारण वाचतोय पण आमच्याकडे त्याला रोजचा शब्द आहे हो, मुरूम. विहीर खणताना वर काळी माती, मग मुरूम, मग कच्चा खडक आणि खाली काळा पाषाण लागतो. मुरूम म्हणजे ना धड दगड ना धड माती, हाताने दाबला की चुरा होतो पण दगडाची ठेवण तशीच दिसते. हेच ना विदारण? आणि काळ्या मातीत पांढरे चुनखडीचे खडे निघतात, आमच्या बांधावर पाऊस पडून गेला की चमकतात.

—

दादा, अगदी हेच! मी एवढं लिहून जे नीट सांगू शकलो नाही ते तुमच्या विहिरीत आहे. मुरूम म्हणजे अर्ध्या वाटेवरचा खडक. आणि ते पांढरे खडे म्हणजे काळ्या पाषाणातून सुटलेलं कॅल्शियम आणि मातीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड यांनी मिळून केलेला चुना. त्यावर लिंबू पिळून बघा, फसफसेल, कोंडलेला वायू बाहेर येतो तो.

—

खूप खूप आभार सगळ्यांचे. आता सिंगभूमला जमीन वर आली, हिमालय-अरवलीला गिरिजनन, आणि झीज फक्त घासण्यापुरती. अजून एक राहिलं, सुपरमाउंटन. महापर्वत चालेल का? आणि तो बोअरिंग बिलियन?

—

महापर्वतरांग करा, कारण एक शिखर नाही ते, २०२२ च्या एका अभ्यासात अशा दोनच रांगा मांडल्यात, एक २०० ते १८० कोटी वर्षांपूर्वीची आणि दुसरी ६५ ते ५० कोटी, दोन्ही जवळपास ८,००० किलोमीटर लांब, हिमालयाच्या तिप्पटीहून जास्त. रांगा स्वतः केव्हाच गेल्या, ओळखल्या त्या झिरकॉनवरून. उंच पर्वताच्या मुळाशी, फार खोल, गार्नेट नावाचं खनिज तयार होतं आणि ते ल्युटेशियम हे मूलद्रव्य स्वतःत ओढून घेतं, मग तिथे वाढलेल्या झिरकॉनच्या वाट्याला ते कमी येतं. मधला काळ, १८० ते ८० कोटी, त्यात डोंगर ठेंगणे होते आणि समुद्राला पोषण कमी मिळालं असं मत आहे. त्याला कंटाळवाणं अब्ज नको वाटतं मला, संथ अब्ज बरं. फक्त एक लक्षात ठेवा, हवेत ऑक्सिजन पहिल्यांदा वाढला तो २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे या पहिल्या रांगेच्याही आधी, तेव्हा सगळं श्रेय तिलाच देऊ नका.

—

संथ अब्ज घेते. आणि दादा, माहेरच्या शेतातले खडे कुंडीत घातलेले होते, त्यातला एक काढून लिंबू पिळलं. खरंच फसफसलं, कानाजवळ धरला तर आवाजही येतो. लेखाची सुरुवात यानेच करणार आहे.