फायब्रॉइडचं (गर्भाशयातल्या गाठींचं) ऑपरेशन: तुमचे अनुभव लिहा

केतकी
जुनी कागदपत्रं आवरताना सोनोग्राफीची फाईल हाती लागली. ‘गर्भाशय १८ आठवड्यांच्या गर्भाएवढं’ असं लिहिलेलं. तेव्हा लोक खुशाल विचारायचे, कितवा महिना? मायोमेक्टॉमी केली, पोट उघडून. गाठी काढल्या, पिशवी ठेवली. पुढे लेक झाली. सिझेरियनच, कारण गर्भाशयावरची चीर खोल होती, कळांचा ताण नको म्हणाले. आता परत दोन बारक्या गाठी दिसतायत. तुमचं काय झालं?

सई७२
मी पिशवीच काढली. हिमोग्लोबिन ६, त्यामुळे आधी रक्त चढवलं. अंडाशयं ठेवली, म्हणून पाळी गेली तरी अंगातून वाफा वगैरे लगेच काही नाही. घरी आल्यावर पांढरी चादर घातली गादीवर!!

मोरपंखी
पांढरी चादर 😂😂 इथे अजून काळ्या सलवारींचा ढीग आहे. सासूबाई म्हणतात थांब, पाळी गेली की आपोआप आकसतील.

सई७२
अगं खोटं नाही ते, बहुतेकींच्या आकसतात. पण रक्त किती जातंय ते बघ आधी. आणि पाळी गेल्यावर गाठ वाढली तर लगेच दाखवायचं हं.

अबोली
माझं ऑपरेशन दुर्बिणीतून. पोट राहिलं बाजूला, खांदा असा ठणकला की बास! पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याचा त्रास म्हणे. फेऱ्या मारल्यावर उतरला. दुर्बिणीतून करणार असाल तर एक नक्की विचारा, गाठीचे तुकडे पोटात वेगळी बंद पिशवी (गर्भपिशवी नव्हे) घालून तिच्यात करणार का? गाठीत क्वचित कॅन्सर लपलेला असतो, तो पोटात पसरू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये यावरूनच इशारा दिला होता.
कुकर झाला, येते.

निशिगंधा
माझी गाठ लहानशीच, पण आतल्या अस्तरात घुसलेली, रक्त तिच्यामुळेच जायचं. खालूनच दुर्बीण घालून काढली, पोटाला टाकाच नाही. आकारावर जाऊ नका, जागा विचारा.

मोरपंखी
पोटावर टाके असताना खोकला आला तर काय करता गं?

केतकी
उशी घट्ट धरायची पोटाशी. माझ्या उशीवर मांजर बसायचं, मग मांजरासकट.

मोरपंखी
कुठल्या रंगाचं? फोटो टाक ना.