व्हिएन्नाला उतरून ब्रातिस्लाव्हाला जायचंय, बस बरी का?

बी-४०२ काकू: टँकरच्या चर्चेत मध्येच विचारतेय, रागावू नका. पुढच्या महिन्यात मी नि हे मुलाकडे निघालोय, स्लोव्हाकियात. तिकीट दुबईमार्गे व्हिएन्नाचं आहे. म्हणजे उतरायचं एका देशात नि जायचं दुसऱ्या! मुलगा म्हणतो बसने या, मी स्टँडवर येतो. यांनी कालपासून धसका घेतलाय. कुणी गेलंय का तिकडून?

सी-१०१ दादा: काकू, मी स्लोव्हाकियातच नित्रा गावाला दोन वर्षं होतो, जग्वार लँड रोव्हरच्या प्लांटवर. तेवढ्यात सात-आठ वेळा तरी ही बस धरलीय. काकांना सांगा, पुणे-लोणावळ्यापेक्षा कमीच अंतर आहे. पाऊण तास, फार तर तास.

बी-४०२ काकू: हे विचारतायत, बॉर्डरवर सामानासकट खाली उतरवतात का?

सी-१०१ दादा: बॉर्डर कधी आली तेच कळत नाही. आपल्या चाळकेवाडीच्या पठारासारख्या पवनचक्क्या दिसत राहतात, नि मग एकदम पाट्यांवरची भाषा बदलते. दोन्ही देश शेंगेनमधले, म्हणजे आपसातल्या बॉर्डरवर नेहमीची पासपोर्ट-तपासणी नसलेल्या गटातले; स्लोव्हाकिया २००७ च्या डिसेंबरपासून. २००९ पासून तिथेही युरोच, त्यामुळे पैसे बदलायची भानगड नाही. तरी पासपोर्ट बॅगेत पुरू नका, हाताशी ठेवा. कधी पोलीस चढतात.
खरी विचारपूस व्हिएन्नाला विमानातून उतरल्यावर. व्हिसा स्लोव्हाकियाचा बघून साहेब विचारणारच, मग इथे कसे? घाबरायचं नाही. ‘मुलाकडे चाललोय, ब्रातिस्लाव्हाला’ एवढंच सांगायचं, नि मुलाचं पत्र नि बसचं तिकीट पुढे करायचं. दोन्ही कागदावर छापून न्या. मोबाइल नेमका तेव्हाच मान टाकतो.

ए-२०३ आजोबा: युरोपात जाऊन बस कसली? ट्रेनने जा म्हणावं. आम्ही सगळा युरोप ट्रेनने पाहिला.

सी-१०१ दादा: आजोबा, विमानतळ दोन्ही शहरांच्या मध्ये आहे. ट्रेनने जायचं तर आधी उलटं व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनला, तिथून परत ब्रातिस्लाव्हाची गाडी. तळेगावात उभं राहून लोणावळ्याला जायचंय, नि आधी शिवाजीनगर गाठायचं! विमानतळावरून पूर्वेला एक लोकल जाते, पण ती वोल्फ्स्टालला, बॉर्डरच्या अलीकडे संपते. १९१४ मध्ये हाच मार्ग थेट ब्रातिस्लाव्हापर्यंत होता, दुसऱ्या महायुद्धानंतर पुढचा तुकडा तुटला तो तुटलाच.

ए-२०३ आजोबा: हे माहीत नव्हतं. 👍

बी-४०२ काकू: तिकीट आत्ताच काढून ठेवू का? विमान दुपारी सव्वाला उतरतं. दोनची बस दिसतेय, स्वस्तही आहे.

सी-१०१ दादा: दोनची अजिबात नको! ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी पद्धत सुरू झालीय, शिक्क्याऐवजी सगळी नोंद कॉम्प्युटरवर, फोटो वगैरे काढतात. रांग किती लागेल याचा भरवसा नाही. मग पट्ट्यावरच्या बॅगांची वाट. साडेतीनची किंवा चारची काढा. बाहेर बाकावर बसून चहा प्यायलात तरी चालेल, बस सुटलेली बघण्यापेक्षा बरं. आणि बॅगा मोजून न्या. काही कंपन्या तिकिटावर एकच मोठी बॅग घेतात, दुसरीचे पैसे वेगळे.

डी-३०४ ताई: बॅगेत तूप नि पेढे नको हं काकू. बाहेरून येणाऱ्यांना युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. हापूसही नाही, त्याला वेगळं सर्टिफिकेट लागतं.

बी-४०२ काकू: अगं, दोन किलो तूप कढवून झालंय 😭

डी-३०४ ताई: बाकरवडी न्या, लाडू तेलातले करा.

सी-१०१ दादा: एक राहिलंच. उतरायचं कुठे ते मुलाला नीट विचारा. पहिला थांबा बहुधा नदीवरच्या मोठ्या पुलाखाली येतो, ज्याच्या खांबावर तबकडीसारखं हॉटेल आहे. सगळे उठले म्हणून तुम्ही उठू नका. मुलगा निवीला येणार असेल तर तो पुढचा थांबा, मॉलच्या पोटात जमिनीखाली स्टँड आहे.
आणि परत येताना जास्त जपा. स्लोव्हाक भाषेत व्हिएन्नाला म्हणतात ‘व्हिएदेन’ नि विमानतळाला ‘लेतिस्को’. मी पहिल्यांदा एकटा निघालो तेव्हा लेतिस्को वाचून ऐटीत ६१ नंबरच्या सिटी बसमध्ये चढलो. ती गेली ब्रातिस्लाव्हाच्याच विमानतळावर! गावाला स्वतःचा विमानतळ आहे हे डोक्यातच नव्हतं. तिथे सगळं सुनसान, माझं विमान व्हिएन्नाहून अडीच तासांत. टॅक्सीवाल्याला सांगितलं तेव्हा तो आधी पोटभर हसला, मग भाडं सांगितलं. तेव्हा तिकिटावर ‘व्हिएदेन’ हा शब्द आहे ना, ते आधी बघायचं.

बी-४०२ काका: काकूंचे हे बोलतोय. व्हिएदेन लिहून घेतलं. बसमध्ये बाथरूम असतं का?

सी-१०१ दादा: काहींत असतं काका, पण विमानतळावर जाऊनच चढा.

ए-५०१ सेक्रेटरी: मंडळी, टँकर गेटवर आलाय. एकानंतर लिफ्ट बंद.

बी-४०२ काकू: आजोबा, तूप तुमच्याकडे पाठवू का? बरणी तेवढी परत द्या.

ए-२०३ आजोबा: पाठवा. लिफ्ट बंद व्हायच्या आत.