'चितचोर'मधलं 'जब दीप जले आना' दोघांना मिळून गायचंय, पट्टी कुठली धरावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडचा. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो आणि पेटी शिकायला लागलो. आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर दूध आटवतात आणि ज्याला जे येतं ते तो म्हणतो. यंदा मी आणि सौ.ने 'चितचोर'मधलं 'जब दीप जले आना' म्हणायचं ठरवलंय. तबल्याला खालच्या मजल्यावरचा मुलगा आहे, अकरावीतला. हात फार गोड आहे त्याचा.

अडचण पट्टीची आहे, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर षड्ज (सा) धरायचा याची. माझा आवाज काळी एकचा, हिचा काळी चारचा. काळी एक धरली की खालच्या सुरांना हिच्या गळ्यातून नुसती हवा येते. काळी चार धरली की अंतऱ्यात माझा आवाज फाटतो. मधली म्हणून पांढरी चार धरून पाहिली, तर दोघंही अवघडलो. मग हीच म्हणाली, त्याच सिनेमातलं 'तू जो मेरे सुर में' घेऊ या. पण तिथेही प्रश्न तोच. एकमेकांच्या सुरात सूर मिळवण्याचं गाणं आणि आमचा सूरच एक नाही.

दुसरं दुखणं पेटीचं. गाणं यमन रागातलं, त्यात मध्यम तीव्र. स्वर सगळे बसलेत. काळी एकमध्ये यमन वाजवताना काळी तीनवर बोट पडलं की शुद्ध मध्यम लागतो आणि सगळा रंग जातो, हे आता बोटांनाही कळलंय. तरी वाजवलेलं ऐकलं की यमनचा पाठ ऐकल्यासारखं वाटतं. गाणं वाटत नाही. काय निसटतंय?

या चार गाण्यांशी माझं नातं जुनं आहे. हो, सिनेमात गाणी चारच. वरची दोन, शिवाय 'गोरी तेरा गाँव बड़ा प्यारा' आणि 'आज से पहले'. सिनेमा 1976 चा, पण आमच्या गावापर्यंत यायला त्याला दोन वर्षं लागली. जत्रेत तंबू लागला होता. मी नववीत होतो, वडिलांबरोबर सतरंजीवर बसून पाहिला. प्रिंट इतकी झिजलेली होती की 'जब दीप जले' सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीलाच पडद्यावर उडी बसली, पुढचा प्रसंग सुरू झाला. वडील परत येताना बैलगाडीत ती एकच ओळ गुणगुणत होते. पुढची ओळ त्यांनाही माहीत नव्हती. पुरं गाणं मी पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं, काही महिन्यांनी, आणि पळत शेतावर जाऊन त्यांना सांगितलं की गाणं पुढे कसं जातं. म्हणून हे गाणं नीट व्हावं अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

मंद्र पंचम

काका, नाशिकला गेली एकोणीस वर्षं पेटी आणि सुगम गायन शिकवते. तुमच्या दोन्ही प्रश्नांवर लिहिते.

आधी पट्टी. दोन आवाजांच्या बरोबर मधला सूर काढला की पट्टी मिळते असं नाही. गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर कागदावर लिहा. मग ओळ न् ओळ दोघांच्या गळ्याला लावून पाहा. माझा अंदाज, काळी दोन चालेल. तुम्हाला एकच स्वर वर जावं लागेल, तेवढं रियाजाने जमतं. वहिनींना जिथे खालचं जड जातं त्या ओळी तुम्ही घ्या, चाल वर चढते तिथे त्यांनी घ्याव्यात. रेकॉर्डवर जी ओळ मूळ गायक येसुदासांनी म्हटली ती पुरुषानेच म्हणायला हवी असं कुठे आहे? क्रियापदाचं लिंग तेवढं बदला.

शास्त्रीय गाण्यात पुरुष आणि स्त्री आपापला षड्ज सांभाळून एकत्र गातात, पंडित जसराजांची जसरंगी तशीच. पण तिथे दोघं वेगवेगळे राग गातात, आणि त्यामागे मूर्च्छनेचा, म्हणजे षड्ज बदलून त्याच सुरांतून दुसरा राग काढण्याचा, पक्का अभ्यास असतो. कोजागिरीच्या गच्चीवर तो मार्ग धरू नका.

आता पेटी. गाणं पाठासारखं वाटतं कारण तुम्ही चाल वाजवताय. या गाण्याचा जीव एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात आहे, आणि पेटीला मींड नाही. दोन स्वरांच्या मधली वाट तिला ठाऊकच नाही. म्हणून गाताना पेटीवर ओळ वाजवू नका. षड्ज-पंचम धरून ठेवा, भाता हलका ठेवा, दोन ओळींमधल्या जागा भरा. गळा जिथे एकटा जातो तिथे त्याला एकटं जाऊ द्या. फार वेळा मी पाहिलंय, विद्यार्थी पेटीच्या मागे लपून गातात, आणि मग पेटीचे तुकडे गळ्यात उतरतात.

आणखी एक. घरी तंबोरा असेल तर तो लावून रियाज करा. मोबाइलवरचा तंबोरा नाइलाज म्हणून ठीक आहे.

अनंतपुरी

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर तिरुवनंतपुरमला येऊन बावीस वर्षं झाली. पट्टीतलं मला कळत नाही, पण येसुदासांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इथे त्यांना दासेट्टन म्हणतात, म्हणजे दासदादा. सकाळी चहाच्या टपरीवर त्यांचा आवाज, रात्री शबरीमलाच्या देवळाची दारं मिटताना 'हरिवरासनम्' लागतं त्यातही त्यांचाच आवाज. माझ्या सासूबाईंना हिंदी येत नाही. एकदा मी स्वयंपाक करताना 'गोरी तेरा गाँव' लावलं, तर त्या हातातली केळीची पानं तशीच धरून दारात उभ्या राहिल्या. शब्द एकही कळला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या की दास इथे गावातल्या बाईशी बोलतोय, देवाशी नाही. आवाजातला तो फरक त्यांना ऐकू आला. याच गाण्यासाठी येसुदासांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांचं शिक्षण कर्नाटक पद्धतीचं, चेंबई वैद्यनाथ भागवतरांकडे. तरी 'जब दीप जले'मध्ये ते कुठेही विद्वत्ता दाखवत नाहीत. स्वर लावतात आणि थांबतात. तुम्हाला 'काय निसटतं' याचं एक उत्तर तिथे मिळेल, असं मला वाटतं. त्यांचं थांबणं ऐका.

या गाण्यांचे संगीतकार रवींद्र जैन म्हणायचे की आपल्याला कधी दृष्टी मिळाली तर सर्वांत आधी येसुदासांना पाहायचं आहे. जैन जन्मापासून अंध होते. इथल्या कुणाला मी हे सांगितलं की ते गप्प होतात.

ओवी

कृष्णाकाठ काका, तुमच्या वडिलांची बैलगाडीतली ओळ वाचून थांबले. त्याच ओळीपासून सुरू करते.

ओळी कुठे संपतात ते बघा. आना, पुन्हा आना, मग जाना, बिसराना. प्रत्येक ओळीच्या शेवटी उघडा 'आ' आहे. तोंड उघडं राहतं आणि स्वर हवा तेवढा लांबवता येतो. मराठी भावगीतातही आपण हे ओळखतो, ओळ 'ई'वर संपली की गळा आवळतो, 'आ'वर संपली की मोकळा होतो. या सिनेमाचे शब्द रवींद्र जैनांचेच आणि चालही त्यांचीच. शब्द आधी आले की चाल, हे शोधण्याची गरजच पडू नये इतकं ते एकजीव आहे. यमन हा तर दिवेलागणीच्या पुढच्या वेळेचा राग. दिवा लागला की ये, असं सांगणाऱ्या गाण्याला दुसरा कुठला राग द्यायचा? देवापुढे निरांजन लावून 'शुभं करोति' म्हणून झालं की घरात जो क्षणभर शांतपणा येतो, तो या चालीत आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. काका, तंबूत तुमचं गाणं तुटलं. नंतर तुम्ही सिनेमा पूर्ण पाहिलात का? बासू चॅटर्जींनी सुबोध घोषांच्या गोष्टीवरून तो केला. मधुपूरच्या मास्तरांना मुंबईहून मुलीचं पत्र येतं, इंजिनिअर मुलगा येतोय म्हणून. ते स्टेशनवर जातात आणि उतरलेल्या दुसऱ्याच मुलाला घरी आणतात. तो विनोद, म्हणजे अमोल पालेकर. आणि विनोद त्या घरातल्या गीताला गाणं शिकवायला लागतो. बघा, यांच्यात चोरून भेटणं नाही, चिठ्ठ्या नाहीत. जे काही घडतं ते शिकवता शिकवता घडतं. त्या काळातल्या किती प्रेमगीतांत दोघं एकदम ठरवून बाहेर पडतात आणि बागेत गाऊ लागतात! इथे एक जण सूर दाखवतो, दुसरी तो उचलते, आणि हळूहळू तो तिचा होतो. म्हणून गीतासाठी गाणाऱ्या हेमलताचा आवाज मला इतका पटतो. नटवा नाही, लाडिक नाही. धडा घेणाऱ्या मुलीचा आवाज आहे, जिला आपण काय म्हणतोय ते अर्ध्यातच उमगतं. 'तू जो मेरे सुर में'साठी तिला फिल्मफेअर मिळालं ते अगदी योग्य झालं. पण या सिनेमाचं नाव निघालं की लोक येसुदासांवरच थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून म्हणते, दोघांनी बरोबरीने गाऊ नका. एकाने दाखवा, एकाने घ्या. पट्टीचा प्रश्नही थोडा सुटेल.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं मी हिला मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.

सिनेमा पूर्ण पाहिला नव्हता, ओवी. काल रात्री आम्ही दोघांनी बसून पाहिला. अठ्ठेचाळीस वर्षं मी हे निरोपाचं गाणं समजत होतो. वडिलांनी ते बैलगाडीत तसंच म्हटलं होतं, हळू, लांबवत. मला वाटायचं कुणीतरी दूर जाताना बोलावतंय. हा शिकवणीतून उमललेला सूर आहे हे माहीतच नव्हतं. ए. के. हंगल साहेबांनी केलेले मास्तर पाहून हिला तिचे वडील आठवले. ते औंधला शाळेत होते आणि रोज संध्याकाळी भजन म्हणायचे.

सिनेमा संपल्यावर ही उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाटावर तिच्या वडिलांचा तंबोरा आहे, मिरजेत करून घेतलेला, मर्दानी, म्हणजे पुरुषी आवाजासाठीचा. गवसणी काढली तर दोन तारा तुटलेल्या. ते कुठल्या पट्टीत गायचे असं मी विचारलं, तर म्हणाली, काळी दोन. मंद्र पंचम ताई, तुम्ही काळी दोन सांगितल्यावर मी कुरकुरलो होतो.

आज सकाळी बसलो. आधी ओवीच्या सांगण्याप्रमाणे मी दाखवायला लागलो आणि ही घ्यायला लागली. जमेना. ती माझ्या आधीच सुरावर पोहोचायची आणि माझी वाट पाहत थांबायची. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांमध्ये ही मध्यमापर्यंत गेलेली आहे, लग्नाआधी. मग घर, मुलं, माझ्या बदल्या. मी शिकायला लागल्यावर पेटी घरात आली, पण हिला यमन कसा येतो हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. आज विचारलं. तिने डोळे मिटून निषादावरून ऋषभाला टेकून गंधार लावला आणि तिथे थांबली. अनंतपुरी ताई, तुम्ही म्हणालात ते थांबणं. पेटी मी बाजूला ठेवली.

आता मुखडा ती म्हणते आणि मी मागून घेतो. काळी दोन. खालच्या ओळीला तिला अजून त्रास होतो, तेवढी एक माझ्याकडे आहे. बाकी मी शिकतोय.

तबल्याच्या मुलाला सांगितलंय, पहिली दोन आवर्तनं हात आवरायचा. आणि रविवारी मिरजेला जातोय तंबोऱ्याच्या तारा आणायला. जवारीही, म्हणजे तारांचा झंकार, काढून घ्यायची आहे. कुणाला तिथला चांगला कारागीर माहीत असेल तर निरोप पाठवा.

मंद्र पंचम

काका, निरोप पाठवलाय. तंबोरा बसने नेणार असाल तर तारा आधी सैल करा आणि भोपळ्याला जुनी गोधडी गुंडाळा. वहिनींना सांगा, गंधार तसाच ठेवा. आणि कार्यक्रमात तुमचं गाणं आधी घ्यायला सांगा. दूध आटेपर्यंत बारा वाजतात, यमनची वेळ टळून जाते.